जानेवारीत ओकच्या खोडावर चढणारी बिनपंखी ‘मुंगी’: ही नक्की कोण?

मिरजकर मावशी · १३ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त. नात झाली म्हणून नोव्हेंबरात मुलाकडे शेफील्डला आले आहे, एप्रिलमध्ये परत. दुपारी बाळ झोपलं की मला दीड तास सुट्टी. त्या वेळात घराजवळच्या एकल्सॉल वुड्समध्ये एक चक्कर मारून येते. जुनं जंगल आहे, ओक आणि बीचचं. पूर्वी इथे कोळसा पाडायचे. १७८६ मध्ये आपल्याच झोपडीत जळून गेलेल्या एका कोळसेवाल्याचं थडगंही आहे आत. आत्ता पानं सगळी खाली, वर नुसते सांगाडे आणि खोडांवर हिरवंगार शेवाळ.

काल पावणेतीनच्या सुमाराला बुटाची नाडी सुटली म्हणून एका ओकला टेकून उभी राहिले. तापमान ३ अंश. सुनेचे बूट, दोन मोजे, बोटं बधिर, त्यामुळे नाडी बांधायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्यात नाकासमोरून एक मुंगी शेवाळातून वर चालली होती. आधी काहीच वाटलं नाही. मग वाटलं, ह्या थंडीत मुंगी? इथल्या मुंग्या ऑक्टोबरातच गडप झाल्यात. त्याच खोडावर हातभर अंतरात आणखी दोन दिसल्या. तिघींचं तोंड वरच्या दिशेला.

फोटो काढला, पण त्यात शेवाळ छान आलंय आणि किडा पुसट, म्हणून टाकत नाही. दहापटीचं भिंग माझ्या पर्समध्ये असतंच (जुनी सवय). एक औषधाच्या रिकाम्या पारदर्शक डबीत घालून घरी आणली आणि बाल्कनीतच ठेवली, आत आणली असती तर हीटरने मेली असती. भिंगातून जे दिसलं ते लिहिते:

लांबी जिऱ्याच्या दाण्याएवढी, पट्टीवर जेमतेम ५ मिलिमीटर. रंग तांबूस-तपकिरी, पोट जास्त गडद आणि चकचकीत, तेल लावल्यासारखं. पंख नाहीत, खुंटसुद्धा नाहीत. पाठीला किंचित कुबड. पाय लांब, चाल संथ, पण थांबत नाही. मिशा सरळ, धाग्यासारख्या. मिशीचे पेर १३ आहेत की १४ ते मोजताना चार वेळा चुकले. जन्मभर पांढऱ्या पेशी मोजल्या मी, आणि एवढ्याशा मिशीने हरवलं! वरून पाहिलं तर पोट अरुंद, बाजूने पाहिलं तर चांगलं गरगरीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यासारखं.

कुणी सांगेल का ही कोण? मुलगा म्हणतो, “आई, तू बाळासाठी आलीस की किड्यांसाठी?”


बाळू बर्मिंगहॅमवाला · १३ जानेवारी, रात्री ९:४२

काकू, मुंगीच आहे. आमच्या किचनमध्ये बारा महिने असतात. साखरेचा डबा नीट लावा आणि सोडून द्या.


रानवाटा · १३ जानेवारी, रात्री ११:०५

किचनमधल्या मुंगीला सेंट्रल हीटिंग असतं हो बाळूशेठ, ओकच्या खोडाला नाही.

माझा अंदाज: विंटर मॉथची मादी. नोव्हेंबर ते जानेवारी ह्या माद्या खोडावर चालत चढतात, कारण त्यांना उडता येत नाही. सफरचंदाच्या बागांत खोडाला चिकट पट्टे बांधतात ते ह्यांच्यासाठीच. मॉटल्ड अंबर म्हणून दुसरा एक पतंग आहे, त्याच्या मादीला तर पंख जवळजवळ नसतातच. बिनपंखी, हिवाळ्यात, ओकवर, वर जाणारी. सगळं जुळतं.


मिरजकर मावशी · १४ जानेवारी, सकाळी ७:३०

रानवाटा, तुमचा अंदाज वाचून लगेच बाल्कनीत गेले. विंटर मॉथची मादी मी डिसेंबरात पाहिली होती, तेव्हा नाव ठाऊक नव्हतं. लठ्ठ, केसाळ, पंखांचे लहान खुंट, अंगावर पावडर. ही तशी नाही. हिच्या अंगावर खवले नाहीत आणि मान, छाती, पोट असे भाग वेगवेगळे दिसतात.

बाळू, मुंगी म्हणाल तर मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते. पहिला पेर लांब, मग काटकोन. मुद्दाम स्वयंपाकघरात शोधली तुलनेला, पण आमच्याकडे एकही मुंगी मिळाली नाही. (सुनेला हे सांगितलं तर खूश झाली.)


किडामुंगी · १४ जानेवारी, दुपारी १:१५

मावशी, वर्णन असं असावं! मी दापोलीला कीटकशास्त्र शिकलो, आता रेडिंगजवळ असतो. इथे लोक “छोटा काळा किडा, ओळखा” एवढंच लिहितात आणि पुसट फोटो जोडतात. तुम्ही फोटो टाकला नाहीत हे बरं केलंत.

उत्तर बहुतेक मिळालं आहे, पण तीन गोष्टी विचारतो. एक, मुंगीच्या कमरेवर एक उभी पाकळी किंवा गाठ असते, तशी आहे का? दोन, शेपटीकडे बाहेर आलेली सुई दिसते का? तीन, जिथे मिळाली ते झाड नक्की ओकच ना, आणि खाली पडलेल्या पानांच्या मागे काही बारीक गाठी दिसल्या का?


मिरजकर मावशी · १४ जानेवारी, दुपारी ३:५०

कमरेवर पाकळी नाही. कंबर आहे, पण अगदी आखूड, छातीला पोट जवळजवळ चिकटलेलं. सुई बाहेर दिसत नाही, पोटाच्या खालच्या बाजूला मात्र एक बारीक काट्यासारखं टोक आहे. झाड ओकच, खाली त्याचीच पानं आणि बोंडांच्या वाट्या आहेत. दहा-बारा पानं उलटी करून पाहिली. चपट्या बटणासारखे ठिपके आहेत काहींवर, बाकी काही नाही.

किडा आज सोडून दिला, त्याच झाडावर. डबीतून बाहेर आली आणि परत वरच निघाली.


किडामुंगी · १४ जानेवारी, रात्री १०:२०

झालं तर मग. ही गांधीलमाशी आहे. दचकू नका, डसणाऱ्यांतली नव्हे. झाडावर आपल्या अळ्यांसाठी गाठ करणारी, म्हणजे गॉल वास्प. नाव बायोरायझा पॅलिडा, मुळांवर वाढणाऱ्या पिढीतली मादी.

आधी इतरांना कसं वगळलं ते सांगतो, कारण फसायला होतं ते तिथेच. जेलिस नावाच्या बिनपंखी गांधीलमाश्या हुबेहूब मुंगीसारख्या दिसतात आणि हिवाळ्यात सालीखाली सापडतातही. पण त्यांची मिशी लांब, पेर सोळाच्या वर, आणि मादीच्या मागे सुई दिसते. तुमचे १३-१४ च्या आतले पेर मोजायला चार वेळा चुकलात तरी वीस नक्की मोजले नसते. शिवाय बाजूंनी दाबलेलं चकचकीत पोट ही गाठवाल्यांची खूण. त्या पोटाचा बहुतेक भाग एकाच मोठ्या पाठपट्टीने झाकलेला असतो, म्हणून ते तेल लावल्यासारखं दिसतं.

ब्रिटनमधल्या ओकवर बिनपंखी गाठवाल्या म्हटल्या की मुख्यतः दोनच नावं डोक्यात ठेवायची. एक ही. दुसरी ट्रायगोनास्पिस मेगॅप्टेरा. तिची हिवाळी मादीही बिनपंखी, पण ती पानामागच्या शिरेवरल्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या गाठीतून निघते. ती गाठच जेमतेम २-३ मिलिमीटरची, मग आतून ५ मिलिमीटरचा जीव कसा निघेल? म्हणून पानं उलटी करायला लावली तुम्हाला. चपटी बटणं दिसली ती स्पँगल गॉल, तिसऱ्याच गाठवालीची. तिच्या माद्या वसंतात निघतात आणि त्यांना पंख असतात.

आता ही वर का चालली होती ते. ह्या किड्याच्या दोन पिढ्या आळीपाळीने येतात आणि दोघी एकमेकींसारख्या दिसत नाहीत. तुम्ही पाहिलीत ती जमिनीखाली ओकच्या मुळावरच्या गाठीत वाढली. ह्या पिढीत नर नसतातच, सगळ्या माद्या, आणि नराशिवायच अंडी घालतात. भर हिवाळ्यात माती उकरून वर येते, खोड चढते आणि फांदीच्या टोकाची कळी शोधून तिच्यात अंड्यांचा साठा रिता करते. त्या कळीचं मे महिन्यात सफरचंद होतं. खरं नव्हे हो, ओक ॲपल म्हणतात तसलं: स्पंजासारखी मऊ, फिकट पिवळट, गुलाबी छटा असलेली गाठ, ४ सेंटिमीटरपर्यंत मोठी. आत खोल्याच खोल्या, एकेकीत एकेक अळी. जून-जुलैमध्ये त्यातून दुसरी पिढी बाहेर पडते, ह्या वेळी नर आणि मादी दोन्ही. एका गाठीत बहुधा सगळे नर नाहीतर सगळ्या माद्याच. नरांना पंख असतात. माद्यांचे आखूड किंवा नसल्यासारखे. त्या माद्या मग खाली उतरतात, मातीत शिरतात, बारीक मुळांत अंडी घालतात. तिथून निघणाऱ्या तुमच्या ‘मुंग्या’ थेट दुसऱ्या हिवाळ्यात वर येतात.

म्हणजे परवा तुमच्या नाकासमोरून गेली ती दीडेक वर्ष तुमच्या पायाखालच्या मुळात होती. पंख कशाला हवेत? झाड तेच, फक्त तळघरातून गच्चीवर जायचं. त्यात ३ अंशांत उडायचे स्नायू चालणं अवघड, चालायचे पाय चालतात. पंखांवरचा खर्च वाचला तो अंड्यांवर.

अवांतर, पण लॅबवाल्या बाईंना आवडेल: ह्या दोन पिढ्यांना लोक पूर्वी दोन वेगळे प्राणी समजत. मुळावरच्या बिनपंखी बाईचं नाव ‘ॲप्टेरा’, सफरचंदातल्या मंडळींचं ‘टर्मिनॅलिस’. रूपच इतकं वेगळं की कुणाला शंका येणार? श्लेसविगचा हेर्मान आडलर नावाचा एक डॉक्टर, रोगी तपासून उरलेल्या वेळात कुंडीतल्या लहान ओकवर ह्या माश्या सोडून, अंडी घालू देऊन, त्यातून पुढे काय निघतं ते बघत बसायचा. १८८१ मध्ये त्याने ते सगळं छापलं आणि ओकच्या गाठवाल्यांतली कितीतरी जोडनावं एकेका नावात आली. ना मोठी लॅब, ना अनुदान.


रानवाटा · १४ जानेवारी, रात्री ११:००

माघार! पण सगळं जुळत होतं की नाही?


ॲन आर्बरकर · १५ जानेवारी, पहाटे ४:२५

मिशिगनहून. आमच्याकडे व्हाइट ओकच्या पानांवर साळिंदरासारखी केसाळ गाठ येते, पिवळी आणि लाल केसांची, हेजहॉग गॉल. तिच्यातूनही नोव्हेंबरच्या आसपास बिनपंखी मादी निघते आणि चालत कळ्यांकडे जाते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अंगणातली पानं गोळा करताना हातावर आली होती. मी बाळूसारखंच मुंगी समजून झटकली. आता वाईट वाटतंय.

आणखी एक गंमत. माणसांच्या लैंगिक वर्तनावरच्या अहवालामुळे गाजलेले आल्फ्रेड किन्सी आधी वीसेक वर्षं गाठवाल्या गांधीलमाश्याच गोळा करत होते. त्यांचा तो अवाढव्य संग्रह न्यू यॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे.


बाळू बर्मिंगहॅमवाला · १५ जानेवारी, सकाळी ८:०५

नराशिवाय अंडी घालणाऱ्या माश्या मोजून मोजून शेवटी बुवा माणसांकडे वळला, त्यात नवल काय.


काष्ठौषधीवाला · १५ जानेवारी, दुपारी १२:४०

मी साताऱ्याचा, आजोबांपासून काष्ठौषधींचं दुकान. इथे काही बोलत नसतो, वाचतो फक्त, पण हा धागा वाचून राहवलं नाही. मावशी, तुम्ही नातीसाठी गेलात म्हणजे बाळगुटीचा डबा नेला असणारच. त्यातलं मायफळ काढून बघा. ते फळ नव्हे. ओकवर गांधीलमाशीने केलेली गाठच आहे, तुर्कस्तान-सीरियाकडच्या ओकवरची. तुमच्या हिवाळी पाहुणीची लांबची बहीण. काकडशिंगीही गाठच, पण ती मावा करतो, आणि झाडही वेगळं.

धंद्यातली गोष्ट: मायफळ घेताना जड, निळसर-काळपट, बिनभोकाचं घ्यावं. भोक असलेलं पिवळट आणि हलकं निघतं. माशी निघून गेल्यावर झाडावरून उतरवलेलं ते. जुन्या काळी शाईला जायचं ते हेच, हिराकस घालून.


मिरजकर मावशी · २० जानेवारी, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. उत्तराला उशीर झाला, बाळाला सर्दी होती.

किडामुंगी, तुमचं वाचल्यापासून रोज त्या झाडाकडे जात होते. तीन दिवस काही नाही, बर्फ भुरभुरला होता. काल ऊन पडलं, ५ अंश होते, आणि पायवाटेवर झुकलेल्या एका फांदीवर, बरोब्बर माझ्या कपाळाच्या उंचीला, एक सापडली. फांदीच्या टोकाला चार-पाच कळ्यांचा घोस असतो ना, त्यातल्या मधल्या कळीला सहा पायांनी मिठी मारून बसली होती. पोटाचं टोक कळीच्या खवल्यांत रोवलेलं. मी पंचवीस मिनिटं उभी होते. भिंग लावलं, श्वास लागला असेल तिला, तरी ढिम्म हलली नाही. मधूनच पोट किंचित दाबायची. एक गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते. “हरवलं का काही?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, “नाही, प्रसूती चालू आहे.” माझ्या इंग्रजीत ते काय ऐकू आलं असेल कोण जाणे, ते घाईने पुढे गेले.

कळीला हात न लावता फांदीला मागे, वीतभर अंतरावर, लाल लोकरीचा धागा सैल बांधला. बाळाच्या टोपीतून उरलेली लोकर. पण मे महिन्यात मी मिरजेत असेन आणि सफरचंद इथे. पंचाईत आहे. मुलाला घेऊन जाऊन फांदी दाखवून आले. थडग्यापासून मोजून पावलंही लिहून दिलीत.

काष्ठौषधीवाले, तुमचं वाचून तर कपाळावर हात मारला. गुटीचा डबा नेलाच होता. इथल्या हेल्थ व्हिजिटर बाई म्हणाल्या, सहा महिने दुधाशिवाय काही नको, सूनही तेच म्हणाली, मग डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. रागावले होते थोडी. लॅबमध्ये काम केलेली बाई मी, त्या म्हणतात ते मला कळत नाही असं नाही. पण सहाण तीन किलोची आहे, ती मी मिरजेहून हँडबॅगेतून आणली, त्याचं काय?

तर काल रात्री डबा खाली काढला. चार मायफळं. तीन बंद, एकाला गोल, स्वच्छ, ड्रिल मारल्यासारखं भोक. ह्या भोकावरून मी मुलाच्या वेळी दुकानदाराशी भांडले होते, “किडकं का घातलंत” म्हणून. तो बिचारा “बाई, ते तसंच असतं” म्हणत राहिला. बंद असलेल्यांतलं एक मुलाच्या अक्रोडफोडीने फोडलं. कडक, आतून पिवळट. मधोमध एक छोटी खोली, आणि तिच्यात एक वाळून काळा झालेला, पाय पोटाशी घेतलेला जीव. पंख आहेत की नाहीत ते भिंगातून कळेना, बोट लावलं आणि भुगा झाला.


किडामुंगी · २० जानेवारी, रात्री ९:३०

मावशी, मायफळवालीच्या मादीला पंख असतात, त्यामुळे तुमच्या भुग्यात होतेच कुठेतरी.

मुलाला सांगा, २९ मेला फांदी बघ. त्या दिवशी इथे ओक ॲपल डे असतो. १६५१ मध्ये लढाई हरून दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओकमध्ये लपला होता, आणि १६६० मध्ये राजा म्हणून लंडनला परतला तो ह्याच तारखेला. लोक ओकची डहाळी, मिळालं तर ओक ॲपल, कपड्यांना लावत. जो लावणार नाही त्याच्या पायांवर खाजकुइलीसारखी झोंबणारी नेटलची पानं मारत. तुमचं सफरचंद तोपर्यंत चांगलं फुगलेलं असेल. तोडायचं मात्र नाही.


मिरजकर मावशी · २० जानेवारी, रात्री ९:५५

सांगितलं. म्हणाला, “कॅलेंडरला टाकतो.” टाकलं का ते उद्या त्याचा फोन घेऊन बघते.